हळद-बेदाण्याच्या वेबसाइटसाठी एआयचा मजकूर: कोणत्या विधानाची हमी कोण देणार?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगलीत हळद आणि बेदाण्याचा घरचा व्यापार असलेल्या एका कुटुंबाने ग्राहकांना थेट विक्री करण्यासाठी वेबसाइट तयार केली आहे. घरातील तरुण मुलाने एआय साधनाकडून चाळीसेक पानांचा मजकूर मराठीत आणि इंग्रजीत लिहून घेतला आहे. तो तसाच वेबसाइटवर टाकावा का, अशा मजकुरामुळे गूगल वेबसाइटला मागे टाकतो का, आणि मजकूर यंत्राकडून लिहून घेतला आहे हे ग्राहकांना सांगावे लागते का, अशी विचारणा मुलाच्या वडिलांनी केली आहे. सोबत त्यांनी नमुन्यादाखल काही पानेही पाठवली आहेत.

सांगली-मिरज आणि सातारा परिसरातील व्यापारी, दवाखाने आणि हॉटेले यांच्या वेबसाइटचा मजकूर तयार करणे हा माझा अनेक वर्षांचा व्यवसाय आहे आणि एआयची साधने मी रोजच्या कामात वापरतो, त्यामुळे ती वापरूच नका असे मी म्हणणार नाही. मात्र आपण पाठवलेली पाने आहेत तशी टाकू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. गूगलचा प्रश्न त्यात दुय्यम आहे. त्या पानांवर आपल्याच मालाविषयी खोटी विधाने आहेत, आणि ती खोटी आहेत हे आपल्या घरातील कोणीही पहिल्या वाचनात सांगू शकेल. ते वाचन झालेले दिसत नाही.

बेदाण्याचे पान पाहा. आपला बेदाणा कोणतेही रसायन न वापरता, पारंपरिक पद्धतीने कडक उन्हात वाळवलेला आहे, असे त्यावर म्हटले आहे. तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ या भागांत बेदाणा कसा तयार होतो हे आपणास मी सांगायला नको. द्राक्षे पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून काढतात, त्यामुळे मण्यावरचे मेणाचे आवरण सैल होऊन पाणी लवकर बाहेर पडते; मग ती शेडमधल्या जाळीच्या रॅकवर, सावलीत आणि खेळत्या हवेत, साधारण दोन आठवडे वाळतात; आणि रंग चांगला राहावा म्हणून बहुतेक ठिकाणी गंधकाची धुरी दिली जाते. ही रूढ आणि मान्य पद्धत आहे, तीत लपवण्यासारखे काही नाही. परंतु ज्या मालाला धुरी दिली आहे त्याच्या पाकिटावर परिरक्षक (प्रिझर्व्हेटिव्ह) म्हणून सल्फर डायऑक्साइडचा, म्हणजे त्याच धुरीतील वायूचा, उल्लेख करायचा आणि त्याच मालाच्या वेबसाइटवर ‘रसायनविरहित’ लिहायचे, ही विसंगती कोणत्याही जाणत्या ग्राहकाच्या लक्षात येईल. सल्फर डायऑक्साइडचा त्रास होणाऱ्या दमेकऱ्याच्या बाबतीत तर ती केवळ विसंगती राहणार नाही.

साधनाने असे का लिहिले हे समजून घेतले, तर पुढच्या सगळ्या चुकांची जागा आधीच ओळखता येते. अशा साधनामागचे भाषेचे मॉडेल आपल्या शेडमध्ये कधी आलेले नसते. आधीच्या शब्दांनंतर कोणते शब्द येण्याची शक्यता अधिक आहे, याचा अंदाज ते प्रचंड मजकुराच्या आधारे बांधते. जगात वाळवलेल्या द्राक्षांविषयी जे लिहिले गेले आहे त्यात कॅलिफोर्नियाच्या उन्हात वाळणाऱ्या मालाचे वर्णन भरपूर आहे, तासगावच्या रॅकचे अत्यल्प आहे, आणि मराठीत तर त्याहून कमी आहे. आपण त्याला फक्त ‘सांगलीच्या बेदाण्यावर पान लिही’ एवढे सांगितले, म्हणून रिकामी जागा त्याने सर्वाधिक प्रचलित वर्णनाने भरली. ‘मला हे माहीत नाही’ असे ते आपणहून क्वचितच म्हणते. स्थानिक विषयावर, मराठीत आणि थोडक्या सूचनेवर काम दिले, की चूक होण्याच्या तिन्ही वाटा एकदम खुल्या होतात.

हा दोष नवशिक्यांपुरता मर्यादित नाही. अमेरिकेतील सीनेट या तंत्रज्ञानविषयक वेबसाइटने एआयच्या मदतीने लिहिलेले अर्थविषयक ७७ लेख प्रसिद्ध केले होते, आणि जानेवारी २०२३ मध्ये आक्षेप आल्यावर फेरतपासणी केली तेव्हा त्यांतील ४१ लेखांत दुरुस्त्या द्याव्या लागल्या. तिथे तर संपादक होते. चक्रवाढ व्याजाचे साधे गणितसुद्धा त्यांच्या नजरेतून सुटले, कारण वाक्ये गुळगुळीत होती आणि गुळगुळीत वाक्यावर नजर अडत नाही.

हळदीच्या पानावर अशा तीन जागा आहेत. पहिली जागा कुर्क्युमिनच्या, म्हणजे हळदीला पिवळा रंग देणाऱ्या घटकाच्या, प्रमाणाची. पानावर सात टक्क्यांहून अधिक असे लिहिले आहे. एवढे प्रमाण मेघालयातील लाकाडाँग हळदीच्या संदर्भात सांगितले जाते. आपल्याकडच्या राजापुरी किंवा सेलम मालाचे प्रमाण सामान्यतः त्याहून बरेच कमी असते आणि वाण, जमीन व साठवण यांनुसार बदलते. ही संख्या वेबसाइटवर टाकायचीच असेल, तर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा त्या-त्या लॉटचा अहवाल हाताशी हवा आणि पानावर लॉटचा उल्लेख हवा. अहवाल नसेल तर संख्या काढून टाकावी. तिच्यावाचून पानाचे काही अडत नाही.

दुसरी जागा भौगोलिक मानांकनाची (जीआय), म्हणजे ठरावीक भागातील मालालाच त्या भागाचे नाव लावू देणाऱ्या नोंदणीची, आणि ती अधिक नाजूक आहे. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये मानांकन मिळाले, हे पानावरील वाक्य खरे आहे. परंतु त्याला लागून ‘आमची मानांकित हळद’ असे जे वाक्य आले आहे ते आपोआप खरे ठरत नाही. सांगलीच्या पेठेत कर्नाटक, तेलंगण आणि मराठवाड्यातूनही हळद येते हे हळदीच्या सौद्यांना उभे राहिलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे, पण मॉडेलला सांगलीत विकली गेलेली हळद आणि सांगलीत पिकलेली हळद यांतला भेद करण्याचे कारणच नसते. मानांकनाचे नाव आपल्या मालासाठी वापरायचे तर माल ठरलेल्या क्षेत्रातला असावा लागतो आणि १९९९ च्या कायद्यानुसार अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणीही लागते. आपली नोंदणी असेल तर अभिमानाने लिहावे. नसेल तर ते वाक्य गाळावे. याच पानावर वर्धा जिल्ह्यातील वायगाव हळदीची काही वैशिष्ट्येही आपल्या नावावर जमा झाली आहेत, तीही काढावी लागतील.

तिसरी जागा पेवांची, म्हणजे माल साठवण्याच्या जमिनीखालील खोल खड्ड्यांची. आपली हळद आजही हरिपूरच्या भूमिगत पेवांमध्ये साठवली जाते, असे पान सांगते. हरिपूरची पेवे हा सांगलीच्या व्यापाराचा खराखुरा वारसा आहे, पण २००५ च्या महापुरात त्यांचे किती नुकसान झाले आणि त्यानंतर साठा गोदामे व शीतगृहांकडे कसा वळला, हे आपल्या पिढीने पाहिले आहे. आपला माल कुठे ठेवला जातो हे आपण जाणता. तो शीतगृहात असेल तर तसे लिहावे. ग्राहकाच्या दृष्टीने ती उणीव मुळीच नाही. पेवांवर लिहायची इच्छा असेल, तर घरातील ज्या वडीलधाऱ्यांनी पेव भरताना आणि उपसताना पाहिले आहे त्यांच्याकडून ऐकून स्वतंत्र पान लिहावे. ते पान कोणतेही साधन लिहू शकणार नाही, आणि माझ्या अंदाजाने आपल्या वेबसाइटवर सर्वांत अधिक वाचले जाणारे पान तेच असेल.

आता कायद्याचा भाग, कारण हळदीच्या इंग्रजी पानावर मधुमेह आणि कर्करोग हे दोन्ही शब्द आले आहेत. हळद म्हटले की आरोग्याचे गुणगान येणार हे जवळजवळ ठरलेले असते, कारण इंटरनेटवरील हळदीविषयीचा मजकूर त्यानेच भरलेला आहे. अन्नपदार्थामुळे रोग बरा होतो किंवा टळतो असा दावा करण्यास एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या जाहिरात व दावेविषयक नियमांनी मनाई केली आहे, आणि अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम ५३ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. याशिवाय १९५४ चा आक्षेपार्ह जाहिरातींविषयीचा कायदा आहे. रोगावरील इलाज म्हणून पदार्थ खपवणाऱ्या जाहिराती त्याच्या कक्षेत येतात आणि त्याच्या रोगांच्या यादीत कर्करोग व मधुमेह दोन्ही आहेत. ‘मजकूर एआयने लिहिला होता’ हा बचाव यांपैकी कुठेही उपयोगी पडणार नाही. वेबसाइटवर आपल्या पेढीचे नाव आहे आणि विधान पेढीचे आहे. मिरजेतील दवाखान्यांनाही मी हेच सांगतो: उपचाराविषयीचे प्रत्येक वाक्य संबंधित डॉक्टरांनी वाचून मान्य केल्याशिवाय पान सुरू करायचे नाही, मग त्यासाठी आठवडा थांबावे लागले तरी चालेल.

गूगलचे उत्तर त्या मानाने सोपे आहे. मजकूर माणसाने लिहिला की यंत्राने, यापेक्षा तो उपयुक्त आणि विश्वासार्ह आहे की नाही हे आम्ही पाहतो, अशी भूमिका गूगलने फेब्रुवारी २०२३ मध्ये जाहीर केली आणि मार्च २०२४ मधील धोरणात एक स्पष्ट मर्यादा घातली: शोधात वर यावे एवढ्याच हेतूने, वाचकाला काही नवे न देता, घाऊक प्रमाणात पाने निर्माण करणे हा स्पॅम समजला जाईल, ती पाने कोणत्याही मार्गाने बनवलेली असोत. आपल्या चाळीस पानांपैकी जवळपास निम्मी पाने ‘पुण्यात सांगलीची हळद’, ‘कोल्हापुरात सांगलीची हळद’, ‘सोलापुरात सांगलीची हळद’ अशी आहेत आणि त्यांत गावाच्या नावाखेरीज काहीही बदलत नाही. ही पाने सरळ काढून टाकावीत. महिन्याला शंभर लेख देतो म्हणून सांगणारे अनेक जण सध्या पेठेत फिरत आहेत. त्यांच्याकडून हाच माल मिळतो. मजकूर यंत्राचा आहे का हे टक्क्यांत सांगणाऱ्या तपासणी-साधनांवरही विसंबू नये. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीने स्वतःचे असे साधन पुरेशी अचूकता नसल्याच्या कारणाने जुलै २०२३ मध्ये बंद केले होते. मराठी मजकुराच्या बाबतीत तर मी त्यांचा निकाल विचारातच घेत नाही.

ग्राहकांना सांगावे लागते का, या प्रश्नाची दोन अंगे आहेत. साध्या वर्णनपर मजकुराखाली ‘एआयच्या मदतीने लिहिले’ अशी पाटी लावण्याचा आग्रह मी धरत नाही. ग्राहक संरक्षण कायदा विधान दिशाभूल करते का एवढेच विचारतो, ते कोणत्या साधनाने लिहिले हे विचारत नाही. परंतु जिथे वाचक अनुभवावर किंवा डोळ्यांवर विश्वास ठेवतो तिथे गोष्ट बदलते. एआयने बनवलेले गोदामाचे, शेताचे किंवा हळकुंडांचे चित्र ‘आमचे’ म्हणून लावणे ही माझ्या मते सरळ फसवणूक आहे, कारण माल पाहूनच ग्राहक पैसे देतो. मोबाइलवर, दिवसाच्या उजेडात काढलेला खऱ्या मालाचा साधा फोटो त्याहून नेहमीच चांगला. गूगलवर वस्तू विक्रीसाठी दाखवण्याच्या मर्चंट सेंटर या सोयीत यादी देणार असाल, तर एआयने बनवलेल्या चित्राच्या फाइलमधील ‘हे एआयचे आहे’ अशी नोंद पुसू नये, असा तेथील नियमच आहे. ग्राहकांचे अभिप्राय मात्र कोणत्याही परिस्थितीत साधनाकडून लिहून घेऊ नयेत. आपल्या नमुन्यात पुणे आणि बेंगळुरूच्या गृहिणींच्या नावांनी चार अभिप्राय आहेत. वेबसाइट अजून सुरू झालेली नसताना ते आले कुठून, हे मुलाला शांतपणे विचारावे. ऑनलाइन अभिप्राय कसे गोळा करावेत आणि कसे दाखवावेत यासाठी भारतीय मानक ब्युरोने २०२२ मध्ये आयएस १९००० हे मानक काढले आहे, आणि बनावट अभिप्राय ही अनुचित व्यापारी प्रथा आहे.

वेबसाइटवर एआयचा चॅटबॉट, म्हणजे ग्राहकांच्या प्रश्नांना आपोआप उत्तरे देणारा प्रोग्रॅम, बसवण्याचा विचारही आपण कळवला आहे. सध्या तो करू नये. एअर कॅनडा या विमान कंपनीच्या चॅटबॉटने एका प्रवाशाला नातेवाइकाच्या निधनानिमित्त मिळणाऱ्या सवलतीचा नियम चुकीचा सांगितला. प्रवाशाने परतावा मागितला तेव्हा चॅटबॉट हा स्वतःच्या वक्तव्यास स्वतः जबाबदार आहे, असा युक्तिवाद कंपनीने केला. आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील न्यायाधिकरणाने तो फेटाळून कंपनीला भरपाई द्यायला लावली. आपल्याकडे परताव्याचा नियम अजून लेखीच नाही. तो नसताना बॉट काय उत्तर देईल याचा अंदाज वर दिलेल्या बेदाण्याच्या उदाहरणावरून येईल.

ग्राहकांचे पत्ते, फोन नंबर, शेतकऱ्यांच्या पट्ट्या (माल विक्रीच्या हिशेबाच्या पावत्या), आधारच्या प्रती यांपैकी काहीही मजकूर लिहिण्यासाठी म्हणून मोफत साधनात टाकू नये. बऱ्याच साधनांत आपले संवाद प्रशिक्षणासाठी वापरू नयेत अशी सोय सेटिंगमध्ये असते, ती आधी निवडावी. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा छोट्या पेढीलाही विसरता येण्यासारखा नाही.

मग साधनाचा उपयोग काय, असे आपण विचाराल. उपयोग पुष्कळ आहे, फक्त कामाचा क्रम बदलावा लागतो. आधी घरातील माहिती एकत्र करावी: कोणत्या वाणाचा माल, कुठून घेतला, कोणत्या हंगामातला, गड्डा की हळकुंड, शिजवून वाळवल्यावर पॉलिश केला का, साठा कुठे, दळण कुठे, पाकीट किती वजनाचे, किती दिवसांत पोहोचते, परत कधी घेतले जाईल. यासाठी आपण बोलावे आणि मुलाने मोबाइलवर रेकॉर्ड करावे, हा मार्ग मला सर्वांत सोयीचा वाटतो, कारण व्यापारी माणूस लिहायला बसला की आखडतो आणि बोलायला लागला की नेमकी माहिती देतो. या बोलण्याचे टिपण करून साधनाला द्यावे आणि बजावावे की या टिपणाबाहेरचे एकही विधान करायचे नाही, माहिती अपुरी वाटेल तिथे प्रश्न विचारायचा, आरोग्याविषयी काही लिहायचे नाही आणि मालाची विशेषणे टाळायची. एवढ्या सूचनेवर तेच साधन इतके वेगळे काम करते की पहिला मजकूर त्याचाच होता यावर विश्वास बसत नाही. सूचना दिली म्हणून ते ती प्रत्येक वेळी पाळेलच असे नाही, म्हणून तपासणी टळत नाही. मजकुराची मांडणी करणे, लांबण कमी करणे, त्याच माहितीचे इंग्रजी व हिंदी रूप तयार करणे, दोन पानांवरील परस्परविरोधी विधाने शोधून काढणे, चित्रांना दृष्टिहीन वाचकांसाठी वर्णन जोडणे, ही कामे ते उत्तम करते.

तयार झालेला मसुदा छापून घ्यावा, कारण पडद्यावर नजर घसरते. प्रत्येक विधानाशेजारी, त्याची हमी घरातील कोण देतो त्याचे नाव लिहावे: प्रतीविषयी आपण, प्रयोगशाळेच्या अहवालाविषयी मुलगा, दर आणि परताव्याविषयी जे हिशेब पाहतात ते. ज्या विधानाशेजारी कोणाचेच नाव येत नाही ते कितीही सुंदर असले तरी खोडावे. संख्या, तारीख, प्रमाणपत्र, ‘सर्वोत्कृष्ट’ व ‘एकमेव’ यांसारखी विशेषणे आणि पूर्वजांविषयीची वाक्ये यांना दोनदा तपासावे. मराठी मजकूर एकदा मोठ्याने वाचावा. ग्राहकाशी दुकानात आपण असे कधीच बोलणार नाही अशी वाक्ये त्या वाचनात आपोआप गळतात, आणि सध्याच्या मसुद्यातील ‘चवीच्या अद्भुत प्रवासात आपले स्वागत आहे’ हे त्यातले पहिले असावे.

मजकूर बाहेरच्या कोणाकडून करून घेणार असाल, तर तो एआय वापरतो का हे विचारण्यापेक्षा माहिती कोणाकडून घेणार आणि तपासणार कोण, हे करारात लिहून घ्यावे, तसेच मजकूर व चित्रांवरील हक्क आपल्याकडे राहतील असे कलम घालावे.

आपल्या चाळीस पानांपैकी गावांच्या नावांची पाने आणि अभिप्रायांचे पान आजच काढावे. बेदाणा, हळद आणि परतावा ही तीन पाने वर सांगितल्याप्रमाणे नव्याने तयार करून, तेवढ्यावरच वेबसाइट सुरू करावी. उरलेली पाने एकेक करून, हमी देणारा मिळेल तसतशी जोडावीत. नव्या हळदीचे सौदे सुरू झाले की हळदीचे पान आणि नवा बेदाणा आला की बेदाण्याचे पान पुन्हा तपासून त्यावर हंगामाचे वर्ष बदलावे; मागच्या वर्षीचा अहवाल या वर्षीच्या मालाखाली राहिला, तर तो एआयने लिहिलेला नसला तरी चुकीचाच असतो.